उघडा बोर्ड, बंद पेटी

विभागाच्या सूचना फलकावर मी पत्रक चिकटवलं, तेव्हा त्या कॉलेजात लागून मला एक पावसाळाही झाला नव्हता. वर ठळक अक्षरांत मथळा : ‘बंद पेटी की उघडा बोर्ड? विद्यार्थ्यांनो, विचारा!’ खाली पानभर मजकूर आणि शेवटी माझं पूर्ण नाव. ज्याला नाव घालायची भीती वाटते त्याने पत्रक काढूच नये, असं आमच्या घरात मानत.

आमचं घर पत्रकांचं. वडील चिंचवडच्या एका कारखान्यात कामाला होते आणि कामगार संघटनेचं सगळं लिखाण त्यांच्याकडे असायचं. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं, ओले कागद कॉटवर, पाटावर, कुकरच्या झाकणावर वाळत घालायचे. पाठकोऱ्या पत्रकांवर मी बाराखडी गिरवली. बोनसवर पत्रक, हुंड्यावर पत्रक, अंगात येणाऱ्या बाईवर पत्रक. त्यामुळे काही खटकलं की मला आधी मथळा सुचतो. तो लिहून होईपर्यंत मला धीर असतो. चिकटवून दोन पावलं मागे आले की तो सरतो. त्या दिवशीही सरला.

कॉलेज मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, भातखाचरांच्या वरच्या अंगाला. इमारत नवी, रंग ओला, आणि प्रयोगशाळेत टेबलं आलेली पण टेबलांवर ठेवायला काही नाही, जुन्या जागेतून आणलेल्या बाकी विषयांच्या पेट्या तेवढ्या कपाटात, अशी अवस्था. मी कंत्राटावर लागलेली, विभागात सगळ्यांत लहान. तिसऱ्या वर्षाचा ‘डिजिटल हार्डवेअर डिझाइन’ हा विषय माझ्या गळ्यात पडला, कारण बाकीच्यांना तो नको होता.

हा विषय काय ते सांगायला हवं. साध्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्किट तारांनी जोडतात. इथे सर्किट लिहितात. कॉम्प्युटरवर एका भाषेत लिहायचं, की अमुक बटण दाबलं तर तमुक दिवा लागावा, इतका वेळ थांबावं, मग विझावा. ते केबलने एका चिपमध्ये उतरवायचं. चिप मग तशीच वागते. आपण चुकीचं लिहिलं असेल तर इमानाने चुकीची वागते. पुसून पुन्हा लिहिता येतं, कितीही वेळा. ती चिप, तिच्याभोवती बटणं, दिवे आणि आकडे दाखवणारा डिस्प्ले, हे सगळं ज्या हिरव्या पट्टीवर बसवलेलं असतं तो डेव्हलपमेंट बोर्ड. प्रयोगशाळेसाठी तो कुठला घ्यायचा, एवढाच प्रश्न होता.

आमच्याकडच्या बहुतेक कॉलेजांतून बंद पेट्या असायच्या. रेक्झिनची, सुटकेससारखी पेटी. झाकण उघडलं की वर छापील पत्रा, पत्र्यातून डोकं काढलेली बटणं आणि दिवे. चिप पत्र्याखाली, दिसतच नाही. सोबत मॅन्युअल. त्यात ठरलेले प्रयोग. मुलांनी पायऱ्या वाचायच्या, बटण दाबायचं, चौकातल्या सिग्नलचा लाल दिवा लागला की वहीत ‘निष्कर्ष’ लिहायचा. पेटी बिघडली तर ती कंपनीकडे जायची आणि परत येईपर्यंत मुलं दुसऱ्याच्या वहीतून निष्कर्ष लिहायची. मी स्वतः तशीच शिकले होते. पदवी हातात आली तेव्हा मी ती चिप डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

म्हणून मला उघडा बोर्ड हवा होता. तळहातापेक्षा जरा मोठा, झाकण नाही, सगळं समोर. आणि माझं म्हणणं एवढ्यावर थांबत नव्हतं. बोर्ड मुलांना घरी, होस्टेलवर न्यायला मिळायला हवा, असं मी पत्रकात लिहिलं होतं. ‘कपाटात ठेवलेलं यंत्र कुणालाही शिकवत नाही,’ हे वाक्य मी अधोरेखित केलं होतं.

दुपारी विभागप्रमुख सरांनी बोलावलं. सर पन्नाशीच्या आसपासचे, आवाज कधी न चढवणारे. ते रागावले की अधिकच हळू बोलत. त्यामुळे माझा जीव अधिकच घाबरा होत असे.

“मॅडम, बसा. आपण बोर्ड घेतोय की निवडणूक लढवतोय?”

“सर, पत्रकात काही चुकीचं आहे का?”

“शुद्धलेखन चांगलं आहे.” त्यांनी चष्मा काढला. “मी यापूर्वी जिथे होतो तिथे उघड्या पाट्या घेतल्या होत्या. पहिल्या सत्रात निम्म्या जळाल्या. कुणी उलटा अडॅप्टर घातला, कुणी कंपासपेटी वर ठेवली. वर्षभर मुलांना दाखवायला काही उरलं नाही. तुमचं पत्रक वाचायला छान आहे. जळालेल्या बोर्डाचं उत्तर त्यात नाही.”

मी म्हटलं, “शिकताना थोडं जळतंच, सर.”

“थोडं,” ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी निकाल दिला. दसऱ्याची सुट्टी झाली की त्यांच्यासमोर दोन्हींचं प्रात्यक्षिक करायचं. पेटीवाले त्यांची पेटी आणून ठेवतील, मी माझा बोर्ड आणायचा. मुलांनीच चालवायचं. ज्यात मुलं शिकताना दिसतील ते मागवू. “पण उघडा बोर्ड माझ्यासमोर बंद पडला, तर हा विषय या विभागात पुन्हा निघणार नाही. मान्य?”

मी मान्य केलं. 

बोर्ड आणायला पुण्यात, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. तिथल्या दुकानदाराने पुड्यातून बिस्किटं काढावीत तशी दोन-तीन मॉडेलं काऊंटरवर मांडली. “कॉलेज कुठलं म्हणालात? मुळशीत? तिथे रिसॉर्ट असतात ना?” त्याच्या माणसाला हसू आवरेना. मी ओळखपत्र पुढे केलं. पंधरा दिवसांसाठी नमुना नेऊ द्या, म्हणून मी इतकं बोलले की शेवटी त्याने कंटाळून हो म्हटलं.

कुठला नमुना न्यायचा हे मात्र माझं मी ठरवलं नाही. ते माझ्या एका विद्यार्थिनीमुळे ठरलं. ती धरणाच्या पाण्याकाठच्या गावातून वडापच्या जीपने यायची. वर्गात शेवटच्या बाकावर बसून पहिल्या बाकावरचे प्रश्न विचारायची. पेठेत जायच्या आदल्या दिवशी चिप कशी लिहितात हे मी फळ्यावर शिकवत होते, तेव्हा तिने हात वर केला.

“मॅडम, लाइट गेली तर?”

“तर काय?”

“चिपला आठवतं का, आपण काय लिवलं होतं ते? आमच्याकडं लाइट दिवसातनं चारदा जाते.”

वर्ग हसला. पण प्रश्न बरोबर होता. अशा बऱ्याच चिपांना वीज गेली की काही आठवत नाही, पुन्हा केबलने शिकवावं लागतं. काही बोर्डांवर शेजारी एक छोटी स्मृतीची चिप असते. वीज आली की ती मोठ्या चिपला सगळं पुन्हा सांगते. लोडशेडिंग असलेल्या तालुक्यात हीच अट पहिली असायला हवी होती, आणि माझ्या यादीत ती नव्हतीच. प्रिंटरच्या पोर्टला लागणारी केबल, सुटे भाग बाजारात मिळणं, हे सगळं मी लिहून ठेवलं होतं. तिच्या प्रश्नानंतर स्मृतीची चिप सगळ्यांत वर गेली आणि दुकानातला सगळ्यांत चकचकीत बोर्ड बाद झाला.

नमुना आला तसा मी तो तिच्या गटाला दिला. प्रात्यक्षिकात काय करायचं ते त्यांनीच ठरवावं म्हटलं. सिग्नलचा चौक कुणाला नको होता. तालुक्यात तेव्हा सिग्नल होताच कुठे? ती म्हणाली, “टाकीची मोटर करूया. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि टाकी भरली तरी चालूच राहते. टाकीतलं पाणी बघूनच चालू-बंद व्हावी असं करू.” बोर्डावरचे तीन सरकते स्विच म्हणजे पाण्याच्या तीन पातळ्या, एक दिवा म्हणजे मोटर. मी त्यांना म्हटलं, “हा बोर्ड तुमचा आहे असं समजा. कुणाला विचारायला जाऊ नका.” हे वाक्य मला पत्रकातल्यासारखंच सुचलं होतं. ते कुठवर जाईल याची मला कल्पना नव्हती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं यांची पूजा करतात. गॅरेजमध्ये पाने-हातोड्यांची, शाळेत पाटीची, आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेची. मी या पूजेला उभी राहत नाही. लहानपणापासून नाही. वडिलांच्या कारखान्यात त्या दिवशी मशीनला हार घालत आणि त्याच मशीनचं तुटलेलं सुरक्षा-गार्ड वर्षभर कुणी बदलत नसे. हारापेक्षा गार्ड घाला, असं पत्रक त्यांनी काढलं होतं. म्हणून मी रीतसर रजा टाकली, बोर्ड प्रयोगशाळेच्या टेबलावर मुलांच्या हवाली केला आणि चिंचवडला घरी गेले.

दसऱ्यानंतर आले, प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि दारातच थबकले.

टेबलावर पिवळा रुमाल अंथरला होता. त्यावर माझा नमुन्याचा बोर्ड. मोठ्या चिपवर मधोमध ओल्या कुंकवाचं बोट ओढलेलं. दिव्यांच्या रांगेवर हळद. स्विचांवर अक्षता. डिस्प्लेवर झेंडूचं फूल, दोन दिवसांत कोमेजून काचेला चिकटलेलं. आणि सगळ्या पट्टीवर वाळलेल्या थेंबांचे डाग. ते डाग कशाचे हे मला कोपऱ्यातली नारळाची करवंटी पाहून कळलं.

प्रयोगशाळेचे मामा झाडू घेऊन आले. शिपाई, पण सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. चेहऱ्यावर समाधान. “म्याडम, बगितलं का? तुमच्या नव्या बोर्डाची लई झ्याक पूजा झाली. पोरांनी फुलं आणली, म्या नारळ फोडला.”

“मामा, नारळाचं पाणी यावर शिंपडलं?”

“मंग? शिंपडाया नगं? समद्या ल्याबात शिंपडलं.”

“अहो, त्यात क्षार असतात! पिना गंजतात त्याने!”

मामांना माझा आवाज लागला असावा. झाडू भिंतीला टेकवून ते म्हणाले, “इतकी वर्सं करतुया. एक बी मशीन गंजलं न्हाई.” ते खरंही होतं. त्यांची इतकी वर्षं बंद पेट्यांची होती. पेटीच्या झाकणावर काहीही शिंपडा, आत जात नाही. उघड्या बोर्डाची पूजा त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच झाली होती.

मुलं आली. मी विचारलं, कुंकू कुणी लावलं? ती पुढे झाली. तिला वाटलं असावं की मी कौतुक करणार.

“तुला कळत नाही? पिनांमध्ये पूड गेली की शॉर्ट होतो! परवा सरांसमोर चालवायचा आहे हा!”

तिचा चेहरा उतरला, पण ती गप्प बसली नाही. “मॅडम, तुमीच म्हणला हा आमचा बोर्ड हाय. आमचं जे असतं त्याची आमी पूजा करतो. ट्रॅक्टरची करतो, इळ्याची करतो.” मग कपाटाकडे बोट दाखवलं. “त्या जुन्या पेट्यांना कुणी केली? मामांनी कपाटाच्या दारावर एकच टिळा लावला न् झालं.”

माझ्याकडे पाठ केलेली उत्तरं होती. अंधश्रद्धेवरचं, कर्मकांडावरचं, गार्डचं. ती पूजा मला तेव्हा पटली नव्हती, आजही पटत नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात वाद नव्हता. फक्त भीती होती. हा बोर्ड मेला असेल तर प्रात्यक्षिक नाही, प्रात्यक्षिक नाही तर उघडे बोर्ड नाहीत. ही मुलं, यांच्यामागची मुलं, सगळी पत्र्यावरची बटणं दाबून निष्कर्ष लिहीत बाहेर पडतील. आणि सर हळू आवाजात म्हणतील, ‘मी सांगितलं होतं.’

“वीज लावून बघितलं का कुणी?”

“नाही. पूजा उतरवल्याशिवाय कसं लावणार?”

ओल्यात वीज दिली नव्हती, म्हणजे आशा होती.

पौडच्या औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं. बाटल्या मागितल्या तेव्हा दुकानदाराने काळजीने विचारलं, “जखम केवढी आहे?” मी म्हटलं, मोठी आहे. मुलांनी नवे दात घासायचे ब्रश आणले. आम्ही बोर्ड उताणा, पालथा करत घासला. कुंकू पाण्याने निघतं पण डाग ठेवतं. हळद तर स्पिरिट लागल्यावर आणखी पसरली, पांढऱ्या अक्षरांवर चढली. चिपच्या पिना केसांसारख्या बारीक, एकीला एक लागून. ब्रशचा एक केस अडकला तरी मी सगळ्यांना थांबवायचे. मुलं आळीपाळीने घासत होती, मी भिंग घेऊन मागे उभी. कोपऱ्यातल्या पिना त्या विद्यार्थिनीने कुणाला घासू दिल्या नाहीत.

बोर्ड गच्चीवर उन्हात ठेवला. तिथेही मला चैन नाही. कावळा उचलेल, वारा सुटेल, ऊन जास्त होईल. मी तास घेत होते आणि फळ्याकडे तोंड करून गच्चीचा जिना ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडॅप्टर लावायचा होता. कुणी पुढे होईना. मीही होईना. शेवटी तिनेच प्लग लावला. क्षणभर काही नाही. मग कोपऱ्यातला छोटा लाल दिवा लागला, स्मृतीच्या चिपने मोठ्या चिपला सांगायचं ते सांगितलं, आणि डिस्प्लेवर शून्य उमटलं. मुलांनी आरडाओरड केली. मी मात्र त्यात सामील झाले नाही. चालू झालेली वस्तू सरांसमोर बंद पडू शकते, हे मला माहीत होतं.

आणि तसंच झालं.

प्रात्यक्षिकाला सर आले, पेटीवाल्यांचा माणूस टाय लावून आला. पेटी पहिली. मुलांनी मॅन्युअल उघडलं, पायऱ्या वाचल्या, सिग्नल लाल-पिवळा-हिरवा झाला. कुठे काही अडलं नाही. सरांनी मान हलवली.

मग आमचा. तिने सांगायला सुरुवात केली. खालची पातळी भरली, मधली भरली, वरची भरली की मोटर बंद. तिने तिसरा स्विच वर सरकवला. मोटरचा दिवा विझायला हवा होता. विझला नाही. पुन्हा सरकवला. नाही. टायवाल्याने खोकल्यासारखं केलं.

“बंद पडला का?” सरांनी विचारलं. हळू.

मी तोंड उघडलं, पण तीच बोलली. “थांबा सर. पहिले दोन चालतात, म्हणजे चिप ठीक आहे. लिहिलेलं पण ठीक आहे, काल चाललं होतं.” ती वाकली, तिसऱ्या स्विचशी डोळा नेला. “हा पूर्ण वर जातच नाही, सर. आत काहीतरी आहे.”

“बघू,” म्हणून सर उठले. मी त्यांना पहिल्यांदाच टेबलावर वाकलेलं पाहत होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नोटीस बोर्डाची एक टाचणी मागून घेतली, स्विचच्या फटीत फिरवली आणि टोकावर काहीतरी काढून उजेडात धरलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

“हे काय?”

दाराशी उभे असलेले मामा म्हणाले, “अक्षता हाय, सर. पूजेची.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे, मग दाण्याकडे. हसले नाहीत. दाणा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि परत येऊन स्वतः स्विच वर सरकवला. दिवा विझला. खाली केला. लागला. पुन्हा वर. मग दुसरा स्विच. खुर्ची ओढून बसलेच. “वरची पातळी भरलेली आणि खालची रिकामी, असं दाखवलं तर?” त्यांनी तिला विचारलं.

“तसं होऊच शकत नाही, सर.”

“तार तुटली तर होईल.”

ती खालचा स्विच सरकवून बघायला लागली. टायवाला माणूस म्हणाला, “सर, आमच्या पेटीत फॉल्ट येतच नाहीत.”

“हो ना,” सर म्हणाले. “म्हणून माझ्या मुलांना फॉल्ट शोधता येत नाहीत.”

माझा आनंद पुरता वर यायच्या आत त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, “मॅडम, उघडे बोर्ड घेऊ. पण ते कपाटात राहतील. तासाला काढायचे, तासाला ठेवायचे. घरी-होस्टेलवर काही नाही.”

“सर, मग उपयोग काय? तासाभरात मुलं—”

“नेला आणि बिघडला तर सही कुणाची?”

“माझी.”

“तुमचं कंत्राट मे महिन्यापर्यंत. डेड स्टॉकच्या, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीतल्या, वस्तूला कंत्राटी माणसाची सही चालत नाही.” हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. नियम सांगितला. पण ते मला भर वर्गात लागलं. जिच्या सहीला किंमत नाही तिच्या पत्रकाला काय असणार?

तेव्हा ती म्हणाली, “सर, मला शनिवारी-रविवारी नेऊ द्या. एकदाच. आमच्या घरी खरी टाकी आहे.”

“घरी कॉम्प्युटर आहे?”

“न्हाई.”

“मग काय करणार नेऊन?”

“स्विचच्या जागी टाकीत तारा सोडून बघणार. इथं स्विच सरकवतोय आपण. तिथं पाणी आपलं आपण चढल, उतरल.”

सरांनी बोर्ड उलटा करून पाहिला. मग म्हणाले, “मोटरला जोडायचा नाही. घरच्या विजेच्या तारेला हात लावायचा नाही. नुसता दिवा बघायचा. सोमवारी माझ्या टेबलावर.” सही त्यांनी केली. त्यांची अट मला समजत होती. सोमवारी काय होईल त्यावर सगळंच होतं.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मारुंजीत एका सोसायटीच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. खिडकीखाली टेंपो लागायचे आणि माल उतरवताना प्रत्येक दणक्याला मला वाटायचं, बोर्ड पडला. तो टाकीत पडला असेल. धाकट्या भावंडाने ओढला असेल. जीपमध्ये कुणी पिशवीवर बसलं असेल. मी मनात एक पत्रक लिहायला घेतलं, बोर्ड मेला तर सरांना काय म्हणायचं याचं. मथळाच सुचेना.

सोमवारी सकाळी एसटी आली, ती उतरली नाही. जीप आली, त्यातही नव्हती. पहिला तास झाला, दुसरा झाला. सर दोनदा प्रयोगशाळेच्या दारावरून गेले, आत न पाहता. दुपारच्या सुट्टीत फाटकाशी दुधाचा टेंपो थांबला आणि पुढच्या सीटवरून ती उतरली. छातीशी टॉवेलची गुंडाळी.

मी धावले असेन. “बिघडला?”

“बोर्ड चांगला हाय, मॅडम. पण आपलं चुकलंय.”

सरांच्या टेबलावर तिने टॉवेल सोडला. सर बोर्डाकडे बघत होते, मी तिच्याकडे.

“सर, टाकी भरत आली की मोटरचा दिवा नुसता लुकलुकतो. बंद, चालू, बंद, चालू. दोन दिवस बघतेय. मला वाटलं तारच ढिली आहे, ती बदलली. मग काल दुपारी टाकीत वाकून बघितलं, तर पाणी हलतं. वरून धार पडते ना, तिच्या लाटा. तार भिजते, सुटते, भिजते. खरी मोटर असती तर सारखी चालू-बंद होऊन गेली असती. आपण पाणी स्थिर धरलं होतं.”

“आपण म्हणजे?” सरांनी विचारलं.

“आमी, मॅडम, सगळेच. हितं पाणी हलतच नव्हतं.”

सरांनी बोर्ड हातात घेतला. कडा तपासल्या, पिना तपासल्या. आता ते बिघाड शोधतील, एक ओरखडा सापडेल, आणि संपलं. त्यांनी बोर्ड खाली ठेवला.

“लाटा किती वेळ टिकतात?”

“मोजलं न्हाई, सर.”

“मोजायला हवं. तेवढा वेळ थांबून मगच ठरवायचं, पाणी आहे की नाही ते. तेवढा वेळ किती, हे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.” त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली, “मामा, एक बादली आणा. भरून.”

“ल्याबात? पानी?” मामा दारातूनच म्हणाले. “म्याडम वरडतील.”

“मी सांगतोय. आणि एक तांब्या पण.”

मामा गेले. सर मला म्हणाले, “तिच्यासारख्या सगळ्यांना पुरतील एवढे मागवा. नेण्या-आणण्याच्या वहीवर माझी सही राहील. निम्मे जळले तर मी तुम्हाला बोलावीन.”

मी हो म्हटलं. बादली आली, बोर्डाच्या तारा तीत सोडल्या. ती तांब्याने वरून पाणी सोडायला लागली, सर घड्याळ काढून दिव्याकडे बघत राहिले. लाद्यांवर पाणी सांडत होतं. टेबलाच्या कडेला ठेवलेला बोर्ड मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि मला तो सोडवत नव्हता.